दहापट कठीण

आमच्या कामात बग सापडला नाही की एक सोपी पळवाट असते: चूक युजरची. सुन सिमियाओ या थोर चिनी वैद्याबद्दल वाचताना मला तीच आठवली. इ.स. 652च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याने प्रस्तावनेनंतर लगेच स्त्रियांचे आजार घेतले. हा मोठाच मान. पण त्याच्या मते बाईचा आजार पुरुषाच्या आजारापेक्षा बरा करायला दहापट कठीण. एक कारण गर्भारपण आणि बाळंतपण. दुसरं, तिचा स्वभाव: तिच्या वासना जास्त, माया, मत्सर आणि चिंता मनात खोल रुतलेल्या.

आता साडेआठशे वर्षं पुढे येऊ. वूशीची तान युनशियान (1461–1556) आजीकडून वैद्यकी शिकली. 1511 साली तिच्या 31 रुग्णांच्या नोंदींचं पुस्तक निघालं. सगळ्या बायका. सिद्धान्त तिचाही जुनाच: रक्त आणि ‘ची’ ही प्राणशक्ती अडली की आजार होतो, आणि राग, शोक त्यांना अडवतात. फरक इतकाच, की राग कशाचा हेही ती नोंदवते. मग पानांवर सवत येते, गर्भपात येतात, अतोनात कष्ट येतात. दोष स्वभावावरून उठून संसारावर जातो.

वाळक्या पाल्याचा जळता शेक हा तिचा एक उपाय. तो आज कुणी घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण आजही ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं सांगून बाईला दवाखान्यातून परत पाठवतात. कसलं टेन्शन, हे विचारायचं राहूनच जातं.