नाळेच्या रक्ताची पेढी

मराठी माणूस आपल्या गावाविषयी बोलताना 'आमची नाळ तिथे पुरली आहे' असे म्हणतो. ही नुसती अलंकारिक भाषा नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत सुईण नाळ कापीत असे, आणि नाळ व वार परसात खड्डा करून पुरली जाई. कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला जाई. त्या नाळेला किंमत नव्हती, पण मान होता. पुढे बाळंतपण दवाखान्यात गेले आणि तो मानही गेला. वार बादलीत पडू लागली व बादली कचऱ्यात रिती होऊ लागली. त्यानंतरची तिसरी अवस्था गेल्या तीसपस्तीस वर्षांतली आहे. नाळेला भाव आला. तो कसा आला, आणि ज्यांच्या देहातून ती नाळ येते त्या बायांचे याबद्दल म्हणणे काय होते, हा आमचा विषय.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण ग्रंथालयात व गेटसभांत झाले. परंतु एखाद्या वस्तूला भाव आला, की ती कोणाच्या कष्टातून आली आणि नफा कोणाच्या पदरात पडला, हे विचारण्याची खोड चळवळीत लागते ती जन्मभर सुटत नाही.

या भावाचा उगम एका चांगल्या गोष्टीत आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका पाच वर्षांच्या मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया नावाचा आनुवंशिक आजार होता; त्यात हाडांतला मगज रक्त तयार करीनासा होतो. त्याची आई पुन्हा गरोदर होती. पोटातली मुलगी या आजारापासून मुक्त असून तिचे रक्त भावाशी जुळते, असे जन्मापूर्वीच तपासणीत दिसले. ती जन्मली तेव्हा तिच्या नाळेतले रक्त काढून घेतले गेले, इंडियानात हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत ते गोठवून ठेवले गेले, आणि तेथून विमानाने पॅरिसला नेले गेले. १९८८ च्या ऑक्टोबरात सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते रक्त त्या मुलाला दिले. मुलगा बरा झाला. कालपर्यंत जे बादलीत जात होते त्यात नवे रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी भरपूर आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यानंतर जगात अशी ४० हजारांहून अधिक रोपणे झाली आहेत.

येथून पुढे वाट दुभंगली. पेढी हा आपला शब्द मोठा सूचक आहे. सावकाराचीही पेढी असते आणि रक्ताचीही. १९९२ साली न्यू यॉर्कच्या रक्तकेंद्रात डॉ. पाब्लो रुबिनस्टीन यांनी सार्वजनिक नाळरक्तपेढी उभी केली. तेथे आईने रक्त दान करायचे आणि जगात ज्या कोणाशी ते जुळेल त्याला ते मिळायचे. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत खासगी पेढ्याही निघाल्या. तेथे आईने पैसे भरायचे आणि रक्त तिच्याच मुलासाठी कुलपात राहायचे. कुलूप कसले, तर उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचे.

आता बायांचे म्हणणे. सुदैवाने ते विचारले गेले आहे. कॅनडात ४४३ गर्भवती स्त्रियांना प्रश्न विचारून केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. या विषयाचे आपले ज्ञान तुटपुंजे आहे, असे बहुसंख्य बायांनी मोकळेपणाने सांगितले; तरीही निवड करायची झाली तर बहुतेकींचा कल दानाकडे होता. खासगी पेढी निवडणाऱ्यांनी दिलेले एक कारण मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उद्या गरज पडली आणि रक्त ठेवलेले नसले, तर अपराधी वाटेल, ते वाटू नये म्हणून. पुढे फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन व ब्रिटन या पाच देशांतल्या १६२० गर्भवतींची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. रक्त जपावे असे म्हणणाऱ्यांपैकी ७६ टक्के बायांनी सार्वजनिक पेढी निवडली. केवळ खासगी पेढी निवडणाऱ्या १२ टक्के निघाल्या. आई म्हणजे आपल्या पिलापुरते पाहणारी, हा पुरुषी समज या आकड्यांपुढे टिकत नाही. परक्याच्या लेकराला रक्त द्यायला बाई नाही म्हणत नाही; तिला तसे विचारणारा कोणी भेटावा लागतो.

आपल्याकडे तिला कोण भेटला? आमच्या युनियनमधल्या, तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका बाईला सातव्या महिन्यात दवाखान्याच्या रांगेत खासगी पेढीचा प्रतिनिधी भेटला. गुळगुळीत कागदाचे पुस्तक, वर सिनेमानटीचे हसरे चित्र, आणि हप्त्याची सोय. एकूण रक्कम तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला, १९६१ साली तो देशाचा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. इतक्या वर्षांच्या झगड्याने बाळंतिणीच्या हातात जे चार पैसे येऊ लागले, त्यांवरच हा हप्ता बेतलेला होता. बाई आम्हाला म्हणाली, "भाऊ, मला कळतंय की परवडत नाही. पण न भरता उद्या लेकराला काही झालं, तर जन्मभर मनाला लागून राहील." कॅनडातल्या बायांचे कारण आणि हिचे कारण एकच. मालाचे खरे नाव भीती, आणि गिऱ्हाईक अशा घडीला गाठलेले की ते घासाघीस करू शकत नाही.

वास्तविक या भीतीला आधार किती? स्वतःच्या मुलाला स्वतःचेच नाळरक्त पहिल्या वीस वर्षांत लागण्याची शक्यता तज्ज्ञांच्या अंदाजाने २,५०० त एक ते २ लाखांत एक इतकीच आहे. शिवाय थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार निघाला, तर तोच दोष त्या रक्तातही असतो. म्हणजे ठेव आहे, पण ती वटत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अशा ठेवीला विमा समजणे शहाणपणाचे नाही, असे १९९९ सालीच सांगितले. फ्रान्स व इटलीने असल्या खासगी पेढ्यांना आपल्या देशात मज्जाव केला. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, स्वतःच्या पुढील उपयोगासाठी असे रक्त ठेवण्यास शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट केले. पण परिषदेचे कागद दवाखान्याच्या रांगेत कोण वाटतो?

आणखी एक गोष्ट. मूल जन्मताच नाळ चिमटली नाही, तर त्यातले रक्त बाळाच्याच अंगात जाते व पुढे काही महिने त्याला लोह पुरते. निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी जुन्या सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. अडाणी म्हणून त्यांची टिंगल झाली. उलट पेढीला पिशवी भरलेली हवी असते. जे रक्त 'वाया जाणारे' म्हणून विकत ठेवायला सांगितले जाते, त्यातले काही बाळ फुकट घेऊन गेले असते, हे त्या गुळगुळीत पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेले आम्ही पाहिले नाही.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना दानाची सवय नाही, म्हणून खासगी पेढ्या फोफावल्या. हे आम्हाला मान्य नाही. एके काळी आपल्या शहरांत रक्त विकून पोट भरणारे लोक होते. त्यांत बेकार कामगारही असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. तेव्हाही 'आता रक्त मिळणार नाही' अशी ओरड झाली होती. रक्त मिळाले, कारण मंडळांनी, कॉलेजांनी, कामगार संघटनांनी शिबिरे भरवली, म्हणजे लोकांना विचारले. नाळरक्ताच्या बाबतीत चेन्नईच्या 'जीवन' संस्थेसारखे सार्वजनिक पेढीचे प्रयत्न झाले, पण एकेक पिशवी तपासून गोठवून ठेवण्याचा खर्च देणगीवर पेलत नाही, आणि सरकारने तो उचलला नाही. तेव्हा द्यायला तयार असलेल्या बाईपुढे दोनच दारे उरली, पैसे भरणे किंवा बादली.

त्या शिलाईकाम करणाऱ्या बाईला आम्ही एकच प्रश्न विचारला: घरात आधीच एखादे मूल रक्ताच्या आजाराने पडले आहे का? कारण तिथे गोष्ट निराळी होते. थोरल्या मुलाला थॅलेसेमिया असेल, तर धाकट्याच्या नाळेचे रक्त, जुळले तर, त्याला बरे करू शकते. पॅरिसला झाले ते हेच होते, आणि अशा घरांसाठी रक्त जपून ठेवणे परिषदेलाही मान्य आहे. तिच्या घरी तसे कोणी नव्हते. तिने हप्ता भरला नाही. बाळंतपणाच्या वेळी मात्र नाळ कापायला जरा थांबा, एवढे डॉक्टरीणबाईंना सांगायला ती विसरली नाही, आणि डॉक्टरीणबाई थांबल्या.