गळका सांधा : घाटाच्या पायथ्याशी भेटलेली दोन मोजमापे

१/ महाडहून वरंधा घाट भोरकडे चढतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वराकडे, तर कशेडी घाट खेडकडे जातो. तीन घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांत ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे. आजचा धागा एका लहानशा कोड्याचा : जुन्या जीपला अधिक ताकदीचे डिस्क ब्रेक बसवले, की पाइपांचे सांधे का गळू लागतात? या कोड्याचे उत्तर यंत्रशास्त्राइतकेच इतिहासातही आहे.

२/ आंबेनळीची वाट प्रतापगडाजवळून जाते. १६५९ च्या प्रसंगाने साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेला हाच जावळीचा मुलूख. ब्रिटिश काळात या घाटरस्त्याला मुंबईचे गव्हर्नर सेमूर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले. महाबळेश्वराहून पोलादपूरला येताना गाडी १,२०० मीटरहून अधिक उंची उतरते. इंजिनाचा रोध सोडला, तर त्या उताराचा सारा वेग उष्णतेत जिरवायचे काम ब्रेकचे.

३/ पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतो कसा? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सांगितले. विसाव्या शतकात अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी ते तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावले. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या प्रवासी मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले.

४/ या शोधाचा पहिला शत्रू होता गळती. लॉकहीड यांच्या मूळ रचनेत द्रव अडवण्यासाठी कच्च्या चामड्याचे पट्टे होते आणि ते पाझरत. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीसाठी अभियंत्यांनी चामड्याच्या जागी रबरी वाट्या बसवल्या, तेव्हा कुठे ही पद्धत भरवशाची ठरली. ब्रेक सुधारले आणि गळती सुरू झाली, ही तक्रार ब्रेकइतकीच जुनी आहे.

५/ तरीही अविश्वास सहज सरला नाही. हेन्री फोर्ड यांचा भरवसा पोलादी कांब्यांवर आणि तारांवर होता. त्यांच्या मोटारींत द्रवदाबाचे ब्रेक आले ते १९३९ च्या मॉडेलांपासून. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप मात्र चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकसहच जन्मली. हीच जीप पुढे भारतात आली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत तिची जुळणी सुरू केली.

६/ जीपबरोबर इंचही आला. तिच्या ब्रेकच्या पाइपाची जाडी ३/१६ इंच, नटाचे माप ३/८ इंच आणि एका इंचात २४ आटे. भारताने १९५६ मध्ये दशमान पद्धतीचा कायदा केला, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. बाजारातले शेर-मण हळूहळू गेले. जुन्या यंत्रांतला इंच मात्र लोखंडात कोरलेला होता. तो कायद्याने कसा जाणार?

७/ आता कोड्याकडे येऊ. नव्या डिस्क ब्रेकचे सुटे भाग बहुधा मिलिमीटरचे असतात. नटाचा व्यास १० मिलिमीटर, दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर. जुना ३/८ इंची नट भरतो साधारण साडेनऊ मिलिमीटर, आट्यांतले अंतर १.०६. म्हणजे जुना नट नव्या छिद्रात शिरतो, फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात पकड अपुरी असते. जोर लावला की आटे झिजतात आणि सांधा पाझरतो.

८/ दुसरा फरक पाइपाच्या तोंडाचा. अमेरिकी पद्धतीत पत्रा दुहेरी दुमडून ४५ अंशांचे नरसाळे करतात. युरोपीय पद्धतीत तोंड फुगवून कळीसारखे गोल करतात. नरसाळे उंचवट्यावर बसते, कळी खोलगट जागेत. अनेक जपानी वाहनांत तर आटे मिलिमीटरचे, पण तोंड नरसाळ्याचे! एकाचे तोंड दुसऱ्याच्या बैठकीवर बसवले, तर कितीही आवळले तरी गळती थांबत नाही.

९/ इथेच सर्वसाधारण चूक होते. आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली जाते. ही सवय नळजोडणीतून आलेली. पण ब्रेकच्या पाइपात द्रव अडतो तो आट्यांनी नव्हे, तर तोंड आणि बैठक यांच्या घट्ट मिलनाने. पट्टीने दोष झाकला जातो, आणि तिचा तुकडा आत गेला तर मार्गच तुंबतो.

१०/ खरा उपाय सावकाशीचा. सांधा पुसून कोरडा करावा, भोवती कागद गुंडाळावा, साथीदाराने पेडल दाबून धरावे. कागद जिथे भिजतो, तिथे गळती. मग नट सोडून आट्यांचे माप आणि तोंडाचा आकार तपासावा. न जुळल्यास योग्य नट घालून तोंड नव्याने पाडावे. कॅलिपरजवळचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. शेवटी सर्व हवा काढावी आणि सपाट रस्त्यावर, मंद वेगात चाचणी घ्यावी. घाट त्यानंतर.

११/ कोकणचा पाऊस या कथेतले आणखी एक पात्र. पोलादी पाइप बाहेरून गंजतो. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर तापलेले असे ऑइल उकळले, की वाफ दबते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून सांधा दुरुस्त करताना ऑइलही बदलावे.

१२/ जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच मार्ग होता. एक सांधा सुटला की चारही ब्रेक गेले. हा धोका ओळखून अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग बंधनकारक केले. जुनी जीप सुधारताना डिस्कच्या आधी दुहेरी मास्टर सिलिंडरचा विचार करावा, तो यासाठीच.

१३/ इतिहास केवळ गडांवर आणि बखरींत नसतो. इंच आणि मिलिमीटर, नरसाळे आणि कळी, असे दोन भूतकाळ पोलादपूरच्या एखाद्या गॅरेजात बोटभर नटापाशी भेटतात. ती भेट जुळली नाही, तर किंमत घाटात मोजावी लागते. आपल्या घरी जुनी जीप असेल, तर तिच्या पाइपांची तोंडे एकदा निरखून पाहा, आणि काय दिसले ते खाली जरूर लिहा.