भीतीकडून कुशीकडे

प्रभू येशूने शिष्यांना प्रार्थना शिकविली, तेव्हा परमेश्वराला ‘बाप’ म्हणून हाक मारण्यास सांगितले. आपण सर्वांनी ती प्रार्थना बाळपणीच पाठ केली. परंतु ओठांवर रुळलेला शब्द अंतःकरणात उतरतोच असे नाही. ‘देव पाहतो आहे, तो शिक्षा करील’ हा धाक आपल्यापैकी अनेकांच्या मनात बापाच्या मायेआधीच रुजलेला असतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असे काळ येऊन गेले. त्यांपैकी एकाचे, आणि त्यातून वाट काढणाऱ्या एका मुलीचे आज आपण स्मरण करू या.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जान्सेनवाद ही कठोर विचारसरणी फोफावली. मनुष्य अपात्र आहे, त्याने पवित्र कम्युनियनलाही भीत भीत, क्वचितच जावे, असा तिचा कल होता. पोप दहावे इनोसंट यांनी १६५३ साली तिच्या प्रमुख मतांचा निषेध केला. तरीही तिची छाया एकोणिसाव्या शतकापर्यंत फ्रेंच भाविकांच्या मनावर रेंगाळत राहिली.

त्याच फ्रान्समध्ये २ जानेवारी १८७३ रोजी तेरेजा मार्टिनचा जन्म झाला. ती साडेचार वर्षांची असताना आई झेली कर्करोगाने वारली. मोठी बहीण पोलिन तिची दुसरी आई झाली. पण १८८२ मध्ये तीही लिज्यूच्या कार्मेल मठात निघून गेली. पुढे १८८५ मध्ये, ध्यानसाधनेत पापाविषयीची प्रवचने ऐकून तेरेजाच्या मनाला शंकांनी ग्रासले. क्षुल्लक विचारही तिला पाप वाटू लागला.

पंधरा वर्षांची असताना, १८८८ मध्ये, तेरेजा त्याच मठात दाखल झाली. पुढच्याच वर्षी प्रेमळ वडील लुई यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. ते तेथे तीन वर्षे होते आणि मठाच्या भिंतीआड असलेली मुलगी त्यांची सेवा करू शकत नव्हती. जुलै १८९४ मध्ये ते निवर्तले.

त्यांची शुश्रूषा करणारी सेलिन त्यानंतर मठात आली. तिच्या वहीत जुन्या करारातील काही वचने उतरवलेली होती. आई लेकराचे सांत्वन करते तसे परमेश्वर आपले सांत्वन करील, हे यशयाचे आश्वासन तेरेजाला तेथे सापडले. रोमच्या यात्रेच्या वर्षी, १८८७ मध्ये, श्रीमंतांच्या घरांतील लिफ्टचे तिला नवल वाटले होते. पावित्र्याचा जिना चढण्याचे बळ आपल्यात नाही. येशूचे हातच आपली लिफ्ट होत, असे तिने पुढे लिहिले.

काही धर्मभगिनी त्या काळी पाप्यांची शिक्षा स्वतःवर घेण्यासाठी देवाच्या न्यायाला आत्मसमर्पण करीत. तेरेजाने ९ जून १८९५ रोजी स्वतःला अर्पण केले ते देवाच्या करुणामय प्रीतीला. पुढच्याच वर्षी तिच्या श्रद्धेवर काळोख पसरला. स्वर्ग आहे की नाही, हा प्रश्न तिला छळू लागला. तरी तिने तो हात सोडला नाही. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने तिचे निधन झाले. १९२५ मध्ये ती संत झाली आणि १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची पंडिता म्हणून गौरविले.

आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत, जेथे ‘बाप’ म्हणजे धाक, दारू किंवा रिकामी खुर्ची. त्या घरांतील मुलांनी प्रभूची प्रार्थना कोणत्या मनाने म्हणावी? तेरेजाचे जीवन सांगते की, माणसाचा हात सुटला तरी देवाचा सुटत नाही. आणि पिता म्हणून ज्याच्याजवळ जाववत नाही, तो आईप्रमाणे स्वतःच वाकून उचलून घेतो.

मात्र यामुळे आपली जबाबदारी संपत नाही. २०१५ मध्ये लुई आणि झेली या दांपत्यालाही संतपद लाभले. परमेश्वराचे प्रेम तेरेजाने प्रथम त्यांच्याच चेहऱ्यांवर वाचले होते. आपली मुले आज आपल्या चेहऱ्यांवर काय वाचत आहेत?