नगरच्या नहरी आणि हिशेबात न धरलेली तळी

शहर वाढायला लागलं की एक प्रश्न हमखास समोर येतो: तळं, ओढा, बाग यांचं मोल मोजायचं कसं? 2005 साली पूर्ण झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक परिसंस्था मूल्यमापनात याची एक मांडणी आहे. निसर्ग पाणी आणि अन्न देतो, ऊन आणि पूर आवरतो, मातीचा कस राखतो. शिवाय विसावा, श्रद्धा, आठवणी यांना जागा देतो. या सगळ्याला आपण परिसंस्था सेवा म्हणतो. शब्द नवा आहे, पण नगरचा इतिहास या नजरेनं वाचून बघू.

या शहराची सुरुवातच बागेपासून झाली. 1490 साली मलिक अहमदनं भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि तिथं ‘बाग निजाम’ उभी केली. त्याच जागेवर पुढं भुईकोट किल्ला झाला, आणि जवळच सीनेकाठी शहर वसलं. आता मुलूख कसला, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. सीना काही बारमाही नव्हे. म्हणून निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडी, नेप्ती अशा आसपासच्या गावांकडून नहरी आणल्या गेल्या. जमिनीखालून, चुन्यात बसवलेल्या खापरी नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शहरात यायचं.

फराहबाग महाल 1583 साली पुरा झाला. तो चक्क तळ्याच्या मधोमध. म्हणजे तेच पाणी हवा गार ठेवायचं, जमिनीत मुरायचं आणि डोळ्यांना सुखही द्यायचं. अर्थात, तो गारवा दरबाराचा होता, सामान्य नगरकराचा नव्हे. म्हणून सेवा मोजताना ती कुणाला मिळते, हे आधी विचारावं लागतं.

पुढं राहुरी तालुक्यात मुळा धरण झालं आणि शहराचं पाणी तिथून नळानं येऊ लागलं. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण तळ्याची किंमत आपण फक्त पिण्याच्या पाण्यात धरली होती. ते दुसरीकडून मिळाल्यावर तळं हिशेबातून गळालं. मुरणारं पाणी, गारवा, संध्याकाळी टेकायची जागा यांची नोंद कुठंच नव्हती, त्यामुळं त्यांचं नुकसानही कुठं लिहिलं गेलं नाही. आज फराहबागेभोवतीचं तळं कोरडं आहे.

आणखी एक गोष्ट तुटली. नहर होती तोवर कापूरवाडीचा पाणलोट बिघडला की शहराला त्याची झळ बसायची. नळानं ती जाणीव पुसली.

2003 साली नगरची महापालिका झाली, 2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. ज्यांचं नाव घेतलं, त्या अहिल्यादेवींनी देशभर विहिरी, घाट, बारवा बांधल्या. पाणी आणि श्रद्धा त्यांनी वेगळ्या खात्यांत टाकली नाही. तेव्हा सीनेच्या पात्राचा किंवा एखाद्या जुन्या तळ्याचा आराखडा समोर आला, की आपण जमिनीचा भाव विचारतोच. त्यासोबत इथं पाणी किती मुरतं, ऊन किती अडतं आणि इथं कोण येऊन बसतं, हेही लिहून मागायला हवं.