नेवाशाची पोथी आणि एक टेराबाइटची डबी

मोडी कागदांवरच्या भागानंतर तुमचे जे मेल आले, त्यातले निम्मे इतिहासाबद्दल नव्हतेच. 'आजोबांचं दप्तर स्कॅन करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं, आता डिस्क दिसतच नाही' अशा धर्तीचे होते. एकानं तर लिहिलंय की स्कॅनिंग झाल्यावर घरच्यांनी मूळ कागद रद्दीत घातले, कारण 'सगळं डिस्कमध्ये आहे'. ते वाचून पोटात गोळाच आला. म्हणून आजचा भाग यावरच. लिहिलेलं टिकवायचं कसं, हा प्रश्न आपल्या नगर जिल्ह्यात निदान सातशे वर्षं जुना आहे.

नेवाशाला जा. प्रवरेच्या काठी पैसाचा खांब आहे. याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. खांबावर कोरलेला शिलालेख आजही तिथे आहे. पण त्या खांबापाशी लिहिलेली नऊ हजार ओव्यांची मूळ पोथी? ती आज कुणाकडेही नाही. दगडावर मजकूर मावतो थोडा आणि टिकतो फार. पोथीत मावतं पुष्कळ, पण ती ओल, वाळवी, उंदीर आणि माणसं यांच्या तावडीत असते. जितकं जास्त मावतं तितकं ते नाजूक, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

मग ज्ञानेश्वरी वाचली कशी? नकलांवर नकला होत गेल्या म्हणून. आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक हमखास एक कबुली देऊन ठेवत: समोर जसं दिसलं तसं मी उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. दुसरी एक विनवणी तर पोथीच्याच तोंडी घातलेली असते, की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. हार्ड डिस्कच्या खोक्यात जे माहितीपत्रक येतं ना, त्यात याहून फारसं वेगळं काही नसतं!

जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच आहे, पाठांतरांमुळे तो बिघडलाय, अशी त्यांची भूमिका होती. यात पुढे कुणी आपल्या पदरची ओवी घुसडू नये, असंही त्यांनी बजावून ठेवलं. पुढे वि. का. राजवाड्यांना बीडकडच्या पाटांगणला एक वेगळी प्रत मिळाली, ती त्यांनी १९०९ मध्ये छापली, आणि १९६० च्या शासकीय आवृत्तीनं तिचाच आधार घेतला. कुठला पाठ जुना, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू द्या. निरनिराळ्या वाटांनी आलेल्या प्रती हाताशी आहेत, म्हणून तर भांडता येतं. एकच प्रत असती तर तिच्यातली चूक चूक आहे, हेही कळलं नसतं.

आता डबीकडे येऊ. पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनभर आणि मजकूर मावायचा ५० लाख अक्षरं. १९७३ मध्ये त्याच कंपनीची 'विंचेस्टर' आली. तिच्यात तबकड्या आणि वाचणारं डोकं एकाच बंद कोठडीत बसवलं होतं. आजची खिशातली डिस्क त्याच घराण्यातली. आत तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरते आणि डोकं तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. आपला केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. त्यामुळे फिरती डिस्क टेबलावरून पडली की काय होत असेल, ते ओळखा. आणि 'साफ करून बघू' म्हणून घरी ती उघडायचीसुद्धा नाही. धुळीचा एक कण पुरतो.

डिस्क दिसेनाशी झाली तर आधी साधं बघा. वायर बदला, कॉम्प्युटरचं दुसरं पोर्ट वापरा, मधला हब काढून थेट जोडा. पुष्कळदा दोष डिस्कचा नसतो, तिला वीजच पुरेशी मिळत नसते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं तर नाही म्हणा. एका श्रोत्याच्या डिस्कचं दुकानदारानं हेच केलं: डिस्क 'चालू' करून दिली, आत काहीच नाही.

टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर तत्काळ बंद करा. डोकं जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही, असा त्याचा बहुधा अर्थ. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं की तबकडीवर आणखी ओरखडे पडतात. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला इंटरनेटवर फिरतो, त्यानं आत दंव धरतं. डिस्क दिसतेय पण फारच मंद चालतेय, फाइली अडकतायत, तर दुरुस्तीची कुठलीही आज्ञा चालवण्याआधी जे निघेल ते दुसरीकडे उतरवून घ्या. 'चेकडिस्क'सारखी आज्ञा खालावलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवते आणि कधी कधी तीच शेवटची ठरते. डिस्कची तब्येत दाखवणारे फुकट प्रोग्रॅम आहेत. त्यात 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग सेक्टर'चा आकडा वाढताना दिसला, की नवी डिस्क घ्यायची वेळ झाली.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. कॉपी चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि कधी अख्खी यादीच बिघडते. म्हणून मोठं काम असेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी, आणि डिस्क काढताना 'इजेक्ट' करूनच काढायची.

आणि त्या लेखनिकाची कबुली आठवा. कॉम्प्युटरही दिसलं तसं उतरवतो. मूळ फाइल बिघडलेली असेल तर नक्कलही इमानानं बिघडलेलीच करतो. त्यावर उपाय आहे 'हॅश'. हा फाइलच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. स्कॅन केल्या दिवशी तो काढून ठेवा आणि वर्षानं पुन्हा काढून ताडून पाहा. नाथांना जे ओवी-ओवी बघून करावं लागलं असेल, त्यातला चूक पकडण्याचा भाग इथे यंत्र करतं. चूक सुधारायला मात्र दुसरी चांगली प्रत लागतेच. एकाच दुकानातून एकाच दिवशी दोन सारख्या डिस्का घेऊ नका, त्या सोबतच आजारी पडू शकतात. वेगळ्या कंपनीच्या घ्या, आणि एक पुण्याला बहिणीकडे किंवा मामाकडे राहू द्या.

मूळ कागद रद्दीत घालू नका, हे तर हात जोडून सांगतो. घरात जागा नसेल तर नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आधी विचारून बघा.

भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती असते. माझ्या डिस्का ताडून बघायचा दिवस मी तोच ठेवलाय. या वर्षी दोन फाइलींचे आकडे जुळले नाहीत, त्या दुसऱ्या प्रतीवरून परत घेतल्या. दोन्ही जामखेडकडच्या एका वाड्याच्या हिशेबवहीच्या होत्या. ती वही पुढच्या भागात वाचू.