गुरुजी रजेवर असताना : वर्ग सोपवून देण्याचा एक इतिहास



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या एका रजेपासून मी आजच्या विषयाला प्रारंभ करणार आहे. त्यांनी नोकरीच्या काळात घेतलेली दीर्घ रजा बहुधा ती एकच. शस्त्रक्रियेमुळे त्यांना सहा आठवडे घरी राहावे लागले आणि तेवढ्या मुदतीपुरता, नुकताच बी. एड. होऊन बाहेर पडलेला मी त्यांच्या आठवीच्या वर्गावर रुजू झालो. मनात धास्ती होती. सरांचा दरारा मी विद्यार्थी म्हणून अनुभवला होता. त्यांच्या खुर्चीत बसण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते.

पहिल्या दिवशी टेबलाचा खण उघडला. आत हजेरीपट, खडूंची पेटी, एक लाकडी पट्टी आणि शंभर पानी वही होती. वहीच्या पहिल्या पानावर वर्गाचा नकाशा काढलेला होता. कोणता विद्यार्थी कोणत्या बाकावर बसतो हे तर त्यात होतेच, पण तो तेथे का बसतो हेही होते. पुढच्या बाकावरील एका मुलीच्या नावापुढे लिहिले होते, ‘फळा दिसत नाही, सांगायला लाजते.’ गणिताच्या पुस्तकातील एका उदाहरणाचे उत्तर चुकीचे छापले गेले आहे, तेव्हा मुलांचे उत्तर निराळे आले तर त्यांना रागावू नये, अशी एक सूचना होती. आणि शेवटच्या बाकावरील एका मुलासंबंधी एकच ओळ होती : ‘याला वडिलांविषयी विचारू नये.’

त्या वहीची डावीकडची पाने लिहिलेली होती. उजवीकडची सारी कोरी होती. ती कोरी का, हे मला त्या वेळी उमगले नाही. त्याकडे मी शेवटी येईन.

बदली शिक्षक येण्यापूर्वी वर्ग तयार करून ठेवणे, हा विषय कोणाला किरकोळ वाटेल. शिक्षणाचे इतिहासकार खलिते, आयोग आणि कायदे यांविषयी विस्ताराने लिहितात. गुरुजी आले नाहीत त्या दिवशी वर्गात काय घडले, हे क्वचितच सांगतात. परंतु एखाद्या शाळेची खरी घडण कळते ती अशाच दिवशी. सुदैवाने या प्रश्नाचा माग काढता येतो, आणि त्याच्या आरंभीच्या खुणा आपल्या बेळगावच्या परिसरापासून फार दूर नाहीत.

इ. स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी गोव्याच्या पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाच्या दरबारी निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुले अंकगणिताचा पाठ घोकताना दिसली. एकजण सुरात म्हणे, बाकीचे त्यामागोमाग म्हणत आणि जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने आकडे काढीत. जागा भरली की आकडे पुसून पुन्हा वाळू पसरीत. गुरुजींचा पत्ता नव्हता. प्रवाशाने कुतूहलाने विचारले, तुम्ही चुकलात तर दुरुस्त कोण करणार? मुलांनी उत्तर दिले की, चौघेही एकाच ठिकाणी चुकतील हे संभवत नाही. एक चुकला तर दुसरा सावरील, यासाठीच आम्ही एकत्र बसतो.

गुरुजींच्या गैरहजेरीत वर्ग कसा चालावा, याचे इतके नेमके उत्तर एखाद्या प्रशिक्षित शिक्षकालाही देता येणार नाही. पण ही मुले आपोआप तशी झाली नव्हती. पाठ गुरुजींनीच दिला होता, आणि तो चौघांनी मिळून कसा राखावा हेही त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. वर्गाची पहिली पूर्वतयारी ती हीच : मुलांना एकमेकांच्या भरवशावर उभे करणे.

याच चित्राचा विस्तार बरोबर दोनशे वर्षांनी बळ्ळारी जिल्ह्यात दिसतो. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये देशी शाळांची माहिती मागविली. बळ्ळारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी १८२३ मध्ये पाठविलेल्या अहवालात ५३३ शाळांची नोंद आहे : २३५ कानडी, २२६ तेलुगू, २३ मराठी, तितक्याच संस्कृत, २१ फारसी, ४ तमिळ आणि १ इंग्रजी. मराठी शाळा कानडी-तेलुगू मुलखात त्या काळीही नांदत होत्या, ही गोष्ट आपण सीमाभागातील मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कॅम्पबेल लिहितात की, सकाळी शाळेत जो मुलगा पहिला येई, त्याच्या तळहातावर मानाची खूण म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत; दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत; तिसऱ्यापासून छडीचा प्रसाद वाढत जाई. शाळेचे साधारणतः चार वर्ग असत. खालचे वर्ग काही अंशी मोठ्या मुलांच्या देखरेखीखाली चालत, वरचे वर्ग गुरुजी स्वतः घेत आणि त्यांची नजर सगळ्या शाळेवर असे. पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवावे आणि त्यातून स्वतःचेही ज्ञान पक्के करावे, या रीतीची कॅम्पबेल यांनी प्रशंसा केली आणि इंग्लंडमध्ये तिचे अनुकरण झाले ते योग्यच झाले, असा अभिप्राय दिला. छडीची प्रशंसा आज कोणी करणार नाही. पण रीत नोंद घेण्याजोगी खरीच.

इंग्लंडमधील त्या अनुकरणाची कथा मद्रासमध्येच सुरू होते. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक होता. एके दिवशी त्याने एका मलबारी शाळेत जमिनीवर बसून वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहिली. तीच पद्धत आपल्या आश्रमात सुरू करावी, असे त्याने साहाय्यक शिक्षकाला सांगितले. शिक्षकाने ते जमणार नाही म्हणून टाळले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर ते काम सोपवले, आणि ते जमले. शिक्षकाने सोडलेली जागा एका मुलाने भरून काढली. या प्रयोगाचा वृत्तांत बेलने १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. १७९८ मध्ये जोसेफ लँकास्टर याने लंडनच्या बरो रोडवर याच धर्तीची, पण आपल्या पद्धतीची शाळा काढली आणि एक शिक्षक एक हजार मुले सांभाळू शकतो, असा दावा केला.

बेल आणि लँकास्टर यांच्या शाळांतील या मोठ्या मुलांना ‘मॉनिटर’ म्हणत. आपण सर्वांनी हा शब्द शाळेत वापरला आहे. ऑफ तासाला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा मॉनिटर तुमच्यापैकी कित्येकांना अजून आठवत असेल. काहीजण तर स्वतःच मॉनिटर असतील! आपण हा शब्द इंग्रजी समजतो. शब्द इंग्रजी खराच; परंतु त्यामागची कल्पना येथल्या वाळूतून विलायतेला गेली आणि छापील पुस्तकाच्या रूपाने बोटीने परत आली. १८२२ मध्ये मुंबईत देशी शाळांसाठी पुस्तके व शाळा काढणारी संस्था स्थापन झाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. पुस्तकांची उणीव, सुलभ शिक्षणपद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांची वाण आणि पैशाची टंचाई हे चार अडथळे तिने सांगितले, आणि पद्धतीच्या बाबतीत तिची भिस्त होती ती लँकास्टरवरच.

येथे वर्गाच्या दुसऱ्या पूर्वतयारीचा विचार करावा लागतो. ती म्हणजे ठरलेली रीत. लँकास्टरच्या शाळेत पुस्तकाची पाने मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावीत. मुलांचे लहान गट अर्धवर्तुळात उभे राहत. ठरावीक हुकूम झाला की सगळ्या पाट्या एकदम वर होत. कोणीही नवा माणूस येऊन उभा राहिला तरी यंत्र थांबू नये, अशी ही योजना होती. आपले वेळापत्रक, हजेरीपट, तासाची घंटा हे त्याच वृत्तीचे सौम्य अवतार होत. बदली शिक्षकाला त्यांचा आधार वाटतो, कारण पुढे काय करायचे हे त्याला रीत सांगते.

पण याच ठिकाणी त्या पद्धतीची उणीव उघडी पडली. हजार मुले शांत बसली, म्हणजे ती शिकली असे होत नाही. मॉनिटरला पाठ ठाऊक असे. मूल ठाऊक नसे. एखादे मूल का अडखळते, हे कळण्याइतके त्याचे वय नव्हते आणि तशी त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती. इंग्लंडमध्ये १८४६ पासून तेरा वर्षांच्या मुलामुलींना पाच वर्षे शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी देण्याची प्रथा सुरू झाली, ती ही उणीव भरून काढण्यासाठी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानासाठीही अशीच उमेदवारी आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलांची शिफारस केली. शिक्षकाची जागा घेणाऱ्याने शिक्षकाशेजारी बसून मुले ओळखायला शिकावे, हा त्यातील मुख्य विचार.

तिसरी पूर्वतयारी लेखणीची. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने अनुदानित शाळांच्या मुख्य शिक्षकांना लॉगबुक ठेवणे भाग पडले. आज त्या जुन्या नोंदवह्या चाळणाऱ्यांना शिक्षकांचे आजार, सुगीच्या दिवसांत रोडावलेली हजेरी, साथीमुळे बंद ठेवलेले वर्ग यांची रोजची हकिकत वाचायला मिळते. आपल्या शाळांतील लॉगबुक आणि टाचणवही ही त्याच कुळातली. टाचण तपासनिसासाठी लिहायचे असते, असा आपला समज झालेला आहे. त्यामुळेच ते रुक्ष होते. वस्तुतः ज्याला आपण ओळखत नाही आणि जो उद्या आपल्या खुर्चीत बसणार आहे, त्याच्यासाठी टाचण लिहायला हवे.

हा प्रश्न केवळ भूतकाळातला नाही. २००३ मध्ये देशातील वीस राज्यांत झालेल्या एका पाहणीत, पूर्वसूचना न देता भेट दिली असता सरकारी प्राथमिक शाळांतील सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत आढळले नाहीत. त्या साऱ्यांना कामचुकार म्हणणे अन्यायाचे होईल. आजारपण असते, प्रशिक्षण असते, सरकारी कामे असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शिक्षकांना शिक्षणेतर कामांस जुंपण्यास मनाई करताना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला आहे. म्हणजे वर्गावर गुरुजी नाहीत, अशी वेळ येतच राहणार. ती येऊ नये म्हणून झटावे हे खरे. पण ती आली तर वर्ग ओस पडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

इक्केरीच्या वाटेवरील चार मुलांनी एकमेकांना सावरण्याची सवय दाखवली. लँकास्टरने रीत दाखवली. लॉगबुकाने नोंदीचे महत्त्व पटवले. आमच्या सरांच्या वहीत ही तिन्ही एकत्र आली होती, आणि त्यांखेरीज एक चौथी गोष्ट होती. ‘याला वडिलांविषयी विचारू नये’ ही ओळ कोणतीही पद्धत लिहू शकत नाही. ती फक्त तो माणूस लिहितो, जो रोज त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत आलेला असतो. ती ओळ नसती तर पहिल्याच दिवशी ओळख करून घेण्याच्या उत्साहात मी तोच प्रश्न विचारला असता.

सहा आठवड्यांनी सर परतले. मी मोठ्या अभिमानाने सांगितले की, नेमलेला सगळा भाग पूर्ण झाला आहे. त्यांनी वही मागून घेतली, उजवीकडची पाने एकेक उलटली. पहिल्या पानावर ‘भाग पूर्ण’ असा माझा एक शेरा होता. बाकी सारे कोरे. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “तुम्ही काय शिकवलंत ते समजलं. मुलांचं काय झालं, ते कुठं आहे?”

ती पाने माझ्यासाठी होती. जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचे, तसे येणाऱ्यानेही परतणाऱ्याला सांगायचे असते. मी सहा आठवडे त्यांचा वर्ग चालवला होता, पण तो त्यांना परत दिला नव्हता. त्या मुलीला शेवटी चष्मा लागला, ही गोष्टसुद्धा त्यांना तिच्याकडूनच कळली.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी ती वही मला दिली. पुढे माझ्या प्रत्येक वर्गासाठी मी तशी वही ठेवली. दोन्ही बाजूंना लिहिलेली. आज ती मूळ वही मी शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. ज्या पानांवर विद्यार्थ्यांच्या घरच्या गोष्टी होत्या ती मी काढून घेतली आहेत. सरांना तसेच आवडले असते. उरलेली पाने, विशेषतः उजवीकडची कोरी पाने, आपल्या तरुण शिक्षकांनी एकदा अवश्य पाहावीत.