आहारवेळा व शरीरातील जैव घड्याळे

अन्नग्रहणाची वेळ आणि शरीरात सु. २४ तासांच्या आवर्तनाने चालणाऱ्या क्रिया यांचा परस्परसंबंध. निद्रा व जागृती, शरीराचे तापमान, हॉर्मोनांचे स्रवण आणि चयापचय (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडी) यांत दररोज नियमित चढउतार होतात. हे चढउतार केवळ बाह्य परिस्थितीमुळे होत नसून शरीरातील कालमापक यंत्रणेमुळे होतात. तिला जैव घड्याळ म्हणतात. असे घड्याळ एकच नसून अनेक आहेत. मेंदूतील घड्याळ मुख्यतः प्रकाशाने, तर यकृतासारख्या अवयवांतील घड्याळे बऱ्याच अंशी अन्नाच्या वेळेने जुळविली जातात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले.

प्रारंभीचे संशोधन : फ्रेंच शास्त्रज्ञ झां-झाक दॉर्तू द मेरां यांनी १७२९ मध्ये लाजाळूसारख्या वनस्पतीची पाने सतत अंधारातही ठराविक वेळी उघडतात व मिटतात, असे दाखविले. अन्नाच्या वेळेकडे प्रथम लक्ष वेधले ते मधमाश्यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी स्विस शास्त्रज्ञ ऑग्यूस्त फोरेल यांना आपल्या न्याहारीच्या मेजावरील मुरंब्याकडे माश्या रोज नेमक्या वेळी येतात व मुरंबा नसतानाही येतात, असे आढळले. कार्ल फोन फ्रिश यांच्या विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग यांनी १९२९ मध्ये प्रयोगाने याची खातरजमा केली. माश्या २४ तासांच्या अंतराने येण्यास शिकल्या. १९ तासांच्या अंतराने मात्र शिकू शकल्या नाहीत. १९५५ मध्ये माक्स रेनर यांनी पॅरिसमध्ये शिकविलेल्या माश्या विमानाने न्यूयॉर्कला नेल्या. तेथेही त्या पॅरिसच्या वेळेनुसार अन्न शोधू लागल्या.

सस्तन प्राण्यांत असेच आढळले. दिवसातून एकदाच अन्न मिळणारे उंदीर त्या वेळेपूर्वी अधिक चळवळ करू लागतात, असे अमेरिकन शास्त्रज्ञ कर्ट रिक्टर यांनी १९२२ मध्ये नोंदविले. स्वीडनमधील एरिक फोर्सग्रेन यांनी त्याच दशकात सशाच्या यकृतात ग्लायकोजेनाचा (प्राणिज स्टार्चाचा) साठा व पित्तनिर्मिती यांचे दैनिक आवर्तन असल्याचे दाखविले. जैव तालांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९३७ मध्ये स्वीडनमधील रॉनेबी येथे स्थापन झाली.

मध्यवर्ती व परिघीय घड्याळे : १९७२ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, मेंदूच्या तळाशी, दृक् तंत्रिका (डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जा) जेथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या वर असलेले दोन लहान कोशिकापुंज (पेशीसमूह) नष्ट केल्यास उंदरांतील दैनिक ताल नाहीसे होतात. सु. २०,००० कोशिकांचे हे केंद्र मध्यवर्ती घड्याळ मानले जाऊ लागले. तथापि १९७७ मध्ये डॉरथी क्रीगर व त्यांचे सहकारी आणि १९७९ मध्ये फ्रीडरिक स्टीफन व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, हे केंद्र नष्ट केलेल्या उंदरांनाही अन्नाच्या ठराविक वेळेची पूर्वसूचना मिळते. म्हणजे केंद्राबाहेर दुसरी कालमापक यंत्रणा असली पाहिजे. तिचे निश्चित स्थान अद्यापि वादग्रस्त आहे.

घड्याळाच्या जनुकांचा शोध लागल्यावर हे कोडे अंशतः सुटले. सीमोर बेंझर व रोनाल्ड कोनोप्का यांनी १९७१ मध्ये फळमाशीत असे पहिले जनुक ओळखले. या जनुकांच्या कार्यपद्धतीवरील संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिनीव्हा येथे युली शिब्लर व सहकारी यांनी १९९८ मध्ये काचपात्रातील साध्या कोशिकांतही घड्याळ चालते, असे दाखविले. निशाचर असलेल्या उंदरांना केवळ दिवसा अन्न दिल्यास यकृताचे घड्याळ उलटते, पण मेंदूतील घड्याळ प्रकाशालाच धरून राहते, असे त्यांना २००० मध्ये आढळले. अशा रीतीने एकाच शरीरातील दोन घड्याळे भिन्न वेळा दाखवू शकतात. इन्शुलीन या हॉर्मोनामुळे कोशिकांत घड्याळाच्या प्रथिनांची निर्मिती वाढते, हे २०१९ मध्ये दिसून आले. जेवणाची वार्ता कोशिकांपर्यंत पोहोचण्याचा हा एक मार्ग होय.

मानवी आरोग्याशी संबंध : तेवढेच ग्लुकोज सकाळपेक्षा सायंकाळी घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण अधिक वाढते, हे १९७० च्या सुमारास माहीत झाले होते. घड्याळांतील विसंगतीचा प्रश्न रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, कारखान्यांतील कामगार, रेल्वे कर्मचारी इत्यादींच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. फ्रँक शीर व सहकारी यांनी २००९ मध्ये १० व्यक्तींना प्रयोगशाळेत २८ तासांच्या ‘दिवसा’वर ठेवले. झोप व भोजन यांच्या वेळा उलट झाल्या असता रक्तातील ग्लुकोज ६ टक्क्यांनी व इन्शुलीन २२ टक्क्यांनी वाढले. २०१७ मध्ये इंग्लंडमधील सरी विद्यापीठात १० पुरुषांची जेवणे ५ तासांनी पुढे ढकलली असता ग्लुकोजाचा ताल सु. पावणेसहा तासांनी मागे पडला. मध्यवर्ती घड्याळाचे निदर्शक असलेले मेलॅटोनीन मात्र बदलले नाही. २०२१ मध्ये १९ व्यक्तींवरील प्रयोगात रात्रपाळीसारखी परिस्थिती निर्माण करण्यात आली. रात्रीही जेवणाऱ्यांच्या रक्तातील ग्लुकोज ६·४ टक्क्यांनी वाढले. फक्त दिवसा जेवणाऱ्यांत अशी वाढ आढळली नाही.

हे प्रयोग थोड्या व्यक्तींवर व अल्पकाळ झालेले आहेत. ग्वांगजो (चीन) येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळात जेवण्याचे बंधन घातल्याने, केवळ ऊष्मांक कमी करण्यापेक्षा वजनात लक्षणीय अधिक घट झाली नाही. यावरून आहाराच्या प्रमाणाचे महत्त्व वेळेमुळे कमी होत नाही, हे उघड आहे. मात्र आहाराचा विचार करताना काय व किती यांबरोबर केव्हा हा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. ज्यांना भोजनाची वेळ स्वतः निवडता येत नाही, अशा रात्रपाळीच्या कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न वैयक्तिक सवयीपुरता मर्यादित न राहता कामाच्या वेळापत्रकाचाही ठरतो.